अडीच वाजता जाणारं नेट

आमच्या घरचं नेट रोज दुपारी अडीच वाजता जायचं. अडीच म्हणजे अडीच; फार तर दोन मिनिटं अलीकडे-पलीकडे. मॉडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा, मग विझायचा, आणि अर्ध्या तासापासून चढत असलेली माझी फाइल जिथल्या तिथे मरायची. दोनेक मिनिटांनी दिवा परत लागायचा, पण फाइल पहिल्यापासून चढवावी लागायची. तीन वाजेपर्यंत कल्याणच्या छापखान्यात पान पोचलं नाही तर माझं काम जाणार होतं, आणि नेटला त्याची काही पडलेली नव्हती.

कामाचं आधी सांगते. लग्नानंतर नऊ-दहा वर्षं आम्ही वाशिंदला राहिलो. मी कल्याणच्या एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. तिथे एक स्थानिक दैनिक निघायचं आणि त्यातलं छोट्या जाहिरातींचं पान माझ्याकडे होतं: नाव बदललं, कागद हरवले, जमिनीच्या नोटिसा, दुःखद निधन. सकाळी मुलगी झोपेत असताना निघायचं आणि ती पेंगायला लागली की परत पोचायचं. एकदा तिच्या वहीत 'माझी आई' या विषयावर पाच ओळी लिहिलेल्या मला सापडल्या. दुसरी ओळ होती, 'माझी आई रविवारी घरी असते.' बाईंनी शेजारी लाल शाईत 'छान' असा शेरा दिला होता. मी वही मिटून दप्तरात ठेवली आणि पुढचे आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

त्याच वर्षी सासरे गेले. शहापूरहून डोळखांबच्या रस्त्याला आमचं गाव. तिथलं घर, भाताची थोडी शेती आणि सासऱ्यांच्या नावावरचा एक फोन, असं सगळं मागे राहिलं. ते बघायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून आम्ही गावी राहायला गेलो. नवरा पहाटेच्या एसटीने आसनगाव स्टेशन गाठून कामावर जाऊ लागला. मला मात्र तिथून कल्याणला रोज जाणं म्हणजे मुलीचं तोंडही न बघणं झालं असतं. मी छापखान्याच्या मालकांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडे फोन आहे, त्यावर नेट घेते, जाहिराती मला मेलने पाठवा, तयार पान मी तुम्हाला घरून पाठवीन.

मालक जुन्या वळणाचे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन महिने बघू," म्हणाले. "पान तीनच्या आत आलं पाहिजे. मशीन तुमच्यासाठी थांबणार नाही. जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

पहिला आठवडा बरा गेला असं म्हणायचं, कारण तेव्हा नेट दिवसभरच वाईट होतं आणि अडीचचं वेगळं काही कळत नव्हतं. माझी फाइल जेमतेम दोन-तीन एमबीची. ती चढायला तासभर लागायचा. मी मदतीच्या नंबरवर फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणायची, मॉडेम बंद करून चालू करा. मी म्हणायचे, चार वेळा केलं. ती म्हणायची, पाचव्यांदा करून पाहा. ती माणूस आहे की टेप लावलीय असा मला संशय येऊ लागला.

माझा स्वभाव तापट आहे, पण तो राग मी शोधकामात घालते. मी एक शंभर पानी वही घेतली आणि नेट कधी गेलं, किती वेळ गेलं, तेव्हा घरात काय चालू होतं, ते लिहायला लागले. पंखा बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. मॉडेम उन्हातून काढून देवघराच्या बाजूला ठेवला. नवऱ्याने मॉडेम आणि फोनमधली वायर बदलली. पिठाची गिरणी आमच्या घरामागेच होती. तिच्या मोटारीमुळे होत असेल म्हणून एक दिवस मी गिरणीवाल्याला दोन ते तीन गिरणी बंद ठेवायला सांगितली. त्याने भलेपणाने ठेवली. नेट अडीचला गेलं. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेले तेव्हा तो दिसल्याबरोबर म्हणाला, "काय वहिनी, पकडला का चोर?" पुढे कितीतरी महिने मला बघून तो हेच विचारायचा.

शेवटी फोनचा लाइनमन आला. पन्नाशीचा गडी, मुरबाडकडचा. खांद्यावर वायरचं वेटोळं, पाठीला पिशवी, आणि बोलणं असं की काम नसेल तरी ऐकत बसावं. तो खांबाखांबाने रस्त्यापर्यंत गेला आणि तासाभराने हातात दुधाची एक फाटकी प्लास्टिक पिशवी घेऊन परत आला.

"हा बघा तुमचा नेट," तो म्हणाला. "जोड मारून वर पिशवी बांधलेली. कवाची हाय देव जाणे. आत सगळा हिरवा पडलाय."

त्याने सहा जोड सोडवून, तार घासून, नव्याने बांधले. नेट एकदम सुधारलं. तासाभराची फाइल अर्ध्या तासावर आली. मी त्याला चहाबरोबर खास शंकरपाळे दिले. पण अडीचचं दुखणं तसंच राहिलं. उलट बाकी सगळं नीट झाल्यावर ते जास्तच डोळ्यांत खुपायला लागलं. जाहिराती मला एक वाजता यायच्या, पान लागेपर्यंत दोन व्हायचे, फाइल चढायला लागायची आणि बरोबर तोंडाशी आली की दिवा जायचा. मग दुसऱ्यांदा चढवून मी ती तीनच्या ठोक्याला कशीबशी पोचवत होते. दोन वेळा तीन वाजून गेलेही. मालकांनी नुसता "हं" केला. तो "हं" मला बोलण्यापेक्षा वाईट वाटला.

लाइनमनला मी वही दाखवली. त्याने बोट फिरवत फिरवत चार पानं वाचली.

"वहिनी, तुमी आमच्या खात्यात पायजे होत्या. रविवारी जात नाय?"

"नाही. गेले तीन रविवार मी मुद्दाम बसून पाहिलं."

"न हे काय लिवलंय? फोन दोनदा वाजतो?"

ते खरं होतं. नेट जायच्या क्षणभर आधी आमचा फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. मी धावत जाऊन उचलला तरी नुसता टोन. लाइनमन म्हणाला, कधीकधी लाइनच अशी खोटी वाजते, कुठेतरी वायर वायरीला लागत असणार. मग तो एका सोमवारी दोन वाजताच येऊन ओट्यावर बसला. अडीचला फोन दोनदा वाजला, दिवा विझला, आणि तो लगबगीने बाहेर गेला. अंगणातल्या खांबावर चढला, कानाला त्याचा तपासायचा फोन लावला आणि वरूनच मला हाक मारली.

"वहिनी, हितून दुसरी वायर गेलेय. पॅरलल. आता कोनतरी रिसीव्हर उचललेला हाय."

मी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. खांबावरून एक काळी वायर आंब्याच्या फांदीतून समोरच्या घराच्या कौलाखाली शिरत होती. इतके दिवस ती मला कपडे वाळत घालायच्या तारेइतकीसुद्धा दिसली नव्हती.

समोरच्या घरात आत्याबाई राहायच्या. नवऱ्याची चुलत आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा वारला, तेव्हा तान्हा मुलगा घेऊन त्या माहेरी आल्या आणि माझ्या सासऱ्यांनी त्यांना आपल्याच जागेत दोन खोल्या बांधून दिल्या. मुलगा आता वापीला एका कारखान्यात होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आत्याबाईंच्या घरात भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला फोन मी पाहिला होता. मला वाटलं होतं, तो त्यांचा स्वतःचाच असेल.

लाइनमन खाली उतरला. त्याने समजावून सांगितलं: नेटच्या लाइनवर जो जो फोन असतो त्याच्या आधी एक डबी लावावी लागते. आमच्या फोनला ती होती. त्या घरातल्या फोनला नव्हती. त्यामुळे तिकडे कुणी रिसीव्हर उचलला की इकडे नेट बसायचं.

"पॅरलल टाकायला तशी परवानगी नाय. तोडू का?"

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या क्षणी माझ्या मनात आलं की फोन वाजला की ही बाई तिकडे रिसीव्हर उचलून आमचं बोलणं ऐकते. आदल्याच आठवड्यात मी बहिणीशी फोनवर बोलताना आत्याबाईंच्या चौकशा करण्याच्या सवयीची नक्कल केली होती. तेही ऐकलं असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर जाऊन विचारायला वीस पावलं पुरली असती. मी तिथूनच म्हटलं, "तोडा."

त्याने पक्कड लावली. वायर आंब्याच्या फांदीवरून घसरत खाली आली आणि मी तिचं वेटोळं करून पडवीत टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फोन दोनदा वाजला आणि दिवा हललासुद्धा नाही. फाइल पावणेतीनच्या आत पोचली. मालकांचा मेल आला, "पान मिळाले." दोनच शब्द, पण मी ते मुलीला वाचून दाखवले. ती सकाळच्या शाळेतून येऊन माझ्या शेजारी चित्रं काढत बसलेली असायची. इतक्या वर्षांत प्रथमच दुपारी तिचं डोकं माझ्या कोपराला लागत होतं. माझं टायपिंग त्याने अडायचं, पण मी तिला सरक म्हणत नव्हते.

फक्त एक नवी कटकट सुरू झाली. आत्याबाई दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. पहिल्या दिवशी शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी विरजण मागायला. तिसऱ्या दिवशी सरळ विळी आणि टोपलीभर चिंच घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर चिंच फोडत बसल्या. सव्वादोनला यायच्या. कामाची वेळ, फाइल चढतेय, आणि बाहेर विळीचा कट-कट आवाज. उन्हात गुडघे धरत अंगण ओलांडून यायच्या. घरी का बसत नाहीत, असं मला व्हायचं. मी समजले, वायर तोडल्याचं त्यांना लागलंय आणि आता मला त्रास द्यायला येतायत. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं, आणि त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. फोन दोनदा वाजून गेला की थोड्या वेळाने त्या चिंच गोळा करून निघून जायच्या.

त्या दोन घंट्यांनीही मला वैताग आणला होता. मुलीला दुपारी जरा डोळा लागला की नेमक्या वाजायच्या. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी फोन उलटा केला, खालची बारीक कळ सरकवली आणि घंटीचा आवाज बंद करून टाकला.

त्या दिवशी आत्याबाई उठल्याच नाहीत. अडीच वाजले, तीन वाजले. माझं पान गेलं, "मिळाले" आलं. मी भांडी घासली, मुलीला उठवलं. चार वाजले. चिंच कधीच फोडून झाली होती; त्या नुसत्याच मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. पाचला मी चहा टाकला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. एक कप घेऊन बाहेर गेले. त्यांनी कप घेतला आणि खाली ठेवला.

"फोन बिघडला का गो?" त्या म्हणाल्या.

"नाही. का?"

"आज वाजला नाय."

"तुम्हाला कुणाचा फोन यायचाय का?"

"यायचा नाय. वाजायचा."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं, आणि तेही असं की जणू हे मला ठाऊकच असणार, आपण उगाच परत सांगतोय.

"पोरगा वाजवतो. जेवायची सुट्टी झाली का दोनदा वाजवतो न ठेवून देतो. बरा हाय म्हणून. तो वापीला गेला तवा तुझ्या सासऱ्यानं ठरवून दिला. बोलला तर पैसे पडतील, म्हनाला, नुसता दोनदा वाजव, तुझी आय समजल. ती वायर पन त्यानंच टाकली, मला तिकडं ऐकू यावा म्हणून."

"अजूनही? आता तर त्याच्याकडे मोबाइल असेल."

"हाय की. बोलतो म्हनतो. मलाच फोनवर काय बोलायचा ता सुचत नाय. दोन घंट्या बऱ्या."

मी ओट्याच्या कडेला बसले. वहीतली चार पानं माझ्या डोळ्यांपुढून सरकत गेली. सोमवार ते शनिवार, अडीच. रविवारी नाही, रविवारी कारखान्याला सुटी. मी गिरणी बंद करवली, खांब तपासले, आणि वीस पावलांवर हे होतं.

"पण आत्याबाई, तुम्ही फोन उचलता. तोपर्यंत त्याने ठेवलेला असतो."

"म्हायती हाय मला."

"मग उचलता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौकशीखोर म्हणून मी ज्यांची नक्कल करायचे त्या बाईंच्या तोंडावर खरंच नवल होतं.

"हाक मारल्यावर ओ द्यायला नको?" त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, वायर तोडली तेव्हा का नाही बोललात. त्या म्हणाल्या, "तुमचा फोन. तुमी तोडलात. मी कोन बोलनार? हितं बसून ऐकू येतो, तेवढ्यात भागत होता माझा." आणि मग, चहाच्या कपाकडे बघत, "आज नाय वाजला म्हणून थांबले. म्हटला, उशिरानं वाजवल."

मी आत गेले, फोन आणला, उलटा करून ती कळ त्यांना दाखवली. म्हटलं, वाजला होता, मीच आवाज बंद केला होता. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी कनवटीच्या पिशवीतून त्यांनी मुलाचा नंबर लिहिलेला कागद काढला, सासऱ्यांनी लिहिलेला एक जुना नंबर आणि त्याखाली मुलाच्या हातचा मोबाइलचा. मी लावला. मुलगा म्हणाला, "वाजवला होता की मी. का, काय झालं? आय बरी आहे ना?" मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

"काय नाय," आत्याबाई म्हणाल्या. "ठेव." आणि चहा प्यायला लागल्या.

शनिवारी लाइनमनला बोलावलं. वायर जोडा, म्हटलं, आणि त्यांच्या फोनला ती डबी बसवा. त्याने पिशवी उलथीपालथी केली. डब्या संपल्या होत्या. शहापूरला नव्हत्या, मागवल्या होत्या, आठ दिवस लागतील की महिना ते तो सांगू शकत नव्हता.

"वायर आता जोडू, का डबी आल्यावर? बिगर डबीची जोडली तर तुमचा नेट परत बसनार."

मी लगेच "जोडा" म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हटलं नाही. मालकांनी दिलेले दोन महिने पुढच्या शनिवारी संपत होते. आठच दिवस आहेत, मी मनात हिशेब केला. आत्याबाई येऊन बसतील, त्या काही तक्रार करणार नाहीत. त्या तक्रार करणार नाहीत हेच खरं तर माझ्या सोयीचं होतं, आणि ते लक्षात आल्यावर मला माझी लाज वाटली. मी पडवीतून वायरचं वेटोळं काढून त्याच्या हातात दिलं.

मग मी वेळेशी झटायला लागले. आदल्या संध्याकाळीच पानाचा साचा तयार ठेवायचा, एकला जाहिराती आल्या की जेवण सोडून बसायचं, पावणेदोनला फाइल सोडायची. ती सव्वादोनला पोचली की मी पाय पसरून बसायचे आणि अडीच वाजायची वाट बघायचे. फोन दोनदा वाजायचा. समोरही दोनदा वाजलेला ऐकू यायचा. दिवा विझायचा. पाच दिवस हे सुरळीत पार पडलं.

शनिवारी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, फाइल सोडणार तोच मालकांचा फोन आला. एक निधनाची जाहिरात घ्यायचीच आहे, घरातली माणसं समोर बसली आहेत, फोटोही पाठवतो. पान नव्याने लावावं लागलं. फाइल निघाली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

अडीचला पाच कमी असताना ती निम्म्याच्या जरा पुढे होती. मी उठले, पायात चप्पल सरकवली. समोर जाऊन एवढंच सांगायचं होतं की आत्याबाई, आज उचलू नका, एकच दिवस. त्यांनी ऐकलं असतं. मान डोलावून, रुमाल परत फोनवर नीट घालून, चिंच निवडत बसल्या असत्या. मी अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. दारातून त्या दिसत होत्या. फोनवरचा रुमाल काढून, घडी करून मांडीवर ठेवून, पदर सारखा करून फोनसमोर बसल्या होत्या, कुणी घरी यायचं असलं की बसावं तशा. मी परत फिरले.

घंटी दोनदा वाजली. दिवा लुकलुकला आणि गेला. मुलगी म्हणाली, "आई, गेलं." मी म्हटलं, "जाऊ दे. येईल."

पान तीन वाजून दहा मिनिटांनी पोचलं. मालकांचा मेल नाही आला, फोन आला. मी त्यांना बोलू न देता सगळं सांगून टाकलं. डबी, वायर, वापी, दोन घंट्या. म्हटलं, डबी येईपर्यंत अडीचला आमचं नेट जाणारच, त्याच्या आधी पान पाठवायची जबाबदारी माझी, पण जाहिरात एकनंतर आली तर मला जमणार नाही. चालत नसेल तर तसं सांगा. माझा आवाज चढला होता. भीती वाटली की माझा आवाज चढतो.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन थांबवलं होतं मी," मालक म्हणाले. "एकनंतरची जाहिरात यापुढे दुसऱ्या दिवशी घेऊ." आणि फोन ठेवला. दोन महिन्यांचं त्यांनी नंतर कधी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी त्यांचं पान पुढे सहा वर्षं घरून लावलं.

डबी महिन्याभराने आली. लाइनमनने आत्याबाईंच्या भिंतीवर ती बसवली, आमच्याकडे येऊन दिवा बघितला, शंकरपाळे खाल्ले आणि म्हणाला की आता तुमच्या वहीला काम नाय.

दुसऱ्या दिवशी अडीचला दोन घंट्या झाल्या. मी दिव्याकडे बघत होते. दिवा हिरवागार, ढिम्म हलला नाही. ज्यासाठी मी तीन महिने जिवाचं रान केलं ते झालं होतं आणि मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. दिवा गेला की मला कळायचं, त्यांनी उचललाय. आता काहीच कळत नव्हतं. त्यांनी ऐकलं का? त्यांना उठता आलं का? डबी नीट बसली नसेल तर?

फाइल तशीच चढत ठेवून मी चप्पल न घालता अंगणात उतरले. माती भाजत होती. वीस पावलं जवळजवळ पळतच गेले आणि त्यांच्या दारात उभी राहिले.

आत्याबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून बसल्या होत्या. टोनचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. "हां," त्या म्हणत होत्या. "हां रे. ऐकला मी." मी काही बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी एक हात वर केला.

"थांब गो जरा," त्या म्हणाल्या. "बोलतेय."